निराश व्हायलासुद्धा हंगाम लागतो

प्रति,
भारतीय बास्केटबॉल महासंघ आणि महाराष्ट्र राज्य बास्केटबॉल संघटनेचे अध्यक्ष व पदाधिकारी,
तसेच देशात बास्केटबॉलची व्यावसायिक लीग चालवणारे आणि पुढे चालवू पाहणारे सर्व,



हे पत्र मलकापुरातून लिहितो आहे. शाहूवाडीतलं किंवा बुलढाण्यातलं मलकापूर नव्हे. कराडला चिकटलेलं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं. चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून आमचं नाव अधूनमधून छापून येतं. बास्केटबॉलसाठी ते कधी आलेलं नाही, आणि या पत्रानं येईल असा भ्रमही नाही. पण इथेही अशी पोरं आहेत, जी दिवाळीच्या आसपास पहाटे पाच-साडेपाचचा गजर लावतात आणि पांघरुणात मोबाईल धरून एनबीएचे सामने बघतात. घरच्यांना वाटतं, अभ्यासाला उठलीत.

नोव्हेंबर सरत आला की या पोरांत चहाच्या गाड्यावर दरवर्षी तोच वाद पेटतो. यंदा सुरुवातीला कोण चमकलं, कोणी नाव घालवलं, कोणाचे पैसे पाण्यात गेले. अमेरिकेतली वर्तमानपत्रंही त्या दिवसांत अशाच याद्या छापतात. वाद ऐकायला मजा येते, कारण दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की निकाल लागायला अजून पाच महिने आहेत आणि तोवर कोणालाही तोंडघशी पडायची सोय आहे. त्याच पोरांना विचारा, मुंबई टायटन्सची यंदाची सुरुवात कशी झाली? पोरं एकमेकांकडे बघतात. हे कोण, असा त्यांचा चेहरा होतो.

दोष त्यांचा नाही, तुमचा आहे. माझी तक्रार एकच. गेल्या पंधरा वर्षांत तुम्ही आम्हाला लीग बऱ्याच दिल्यात, बऱ्याच कबूल केल्यात. हंगाम एकही दिला नाहीत.

हंगाम म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. पण २०२४-२५ च्या एनबीएकडे जरा या नजरेनं बघा. तो हंगाम संपलेला आहे, त्यामुळे कोणाला सारवासारव करता येणार नाही. तीस संघ, प्रत्येकाचे ८२ सामने. क्लीव्हलंड कॅव्हेलिअर्सनी नवा प्रशिक्षक केनी ॲटकिन्सनच्या हाताखाली पहिले पंधराच्या पंधरा सामने जिंकले. नोव्हेंबरच्या याद्यांत त्यांचं नाव सगळ्यात वर. त्याच वेळी इंडियाना पेसर्सची अवस्था अशी की पंचवीस सामन्यांत दहा विजय आणि पंधरा पराभव. त्यांचा म्होरक्या टायरीज हॅलिबर्टन. २५ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये त्यानं आठ वेळा बास्केटकडे चेंडू टाकला, आठही वाया गेले आणि सबंध सामन्यात त्याच्या नावावर एक गुण लागला. एक! निराशा करणाऱ्यांची यादी त्याच्यावाचून पुरी होईना. पुढे एप्रिलमध्ये एनबीएच्याच खेळाडूंची निनावी मतं घेतली, तेव्हा 'लायकीपेक्षा मोठं नाव' या प्रश्नावर सर्वात जास्त मतं त्यालाच पडली.

मग काय झालं? कॅव्हेलिअर्स ६४ सामने जिंकून बाद फेरीत आले आणि दुसऱ्याच फेरीत त्यांना चार विरुद्ध एक असं घरी कोणी पाठवलं, तर या पेसर्सनी. त्यानंतर न्यूयॉर्कच्या त्याच कोर्टवर, जिथे ऑक्टोबरात एक गुण निघाला होता तिथे, मूळ वेळ संपता संपता हॅलिबर्टनने टाकलेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून वर उडाला आणि सरळ खाली जाळीत पडला. बरोबरी. जादा वेळेत पेसर्सनी सामना १३८-१३५ असा मारला. पुढे पेसर्स अंतिम फेरीत पोचले आणि ती सातव्या सामन्यापर्यंत गेली. त्या सातव्या सामन्यात हॅलिबर्टनची टाचेमागची शीर तुटली आणि ओक्लाहोमा सिटी थंडर विजेते झाले. हे थंडरसुद्धा कोण? २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरलेले. एनबीएच्या इतिहासात इतक्या फरकानं दुसरं कोणी हरलेलं नाही. चार वर्षं पुरी व्हायच्या आत ते अजिंक्य.

सगळेच सावरतात असंही नाही. फिलाडेल्फियानं त्याच वर्षी पॉल जॉर्जला वाजतगाजत आणलं, पहिल्या सतरा सामन्यांत तीन जिंकले, आणि हंगाम संपला तेव्हा ८२ पैकी २४ वर होते. तिथे नोव्हेंबरचं भाकीत शब्दशः खरं ठरलं. खुद्द पेसर्सही पुढच्या हंगामात हॅलिबर्टन जायबंदी म्हणून सुरुवातीपासूनच तळाला गेले. कोणाची वाईट सुरुवात नुसता अडथळा असते आणि कोणाची खरं दुखणं, हे नोव्हेंबरात कळत नाही, एप्रिलमध्ये कळतं. त्यासाठी नोव्हेंबर ते एप्रिल असा काळ मधे असावा लागतो.

आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कृष्णा साखर कारखाना असो वा सह्याद्री, गव्हाणीत मोळी पडली की पहिल्या पंधरवड्यात साखरेचा उतारा कमीच लागतो, कारण ऊस पुरता पिकलेला नसतो. थंडी मुरली की जानेवारी-फेब्रुवारीत उतारा चढतो. पहिल्या आठवड्याचा उतारा बघून आजवर कोणी कारखान्याला कुलूप घातलेलं नाही.

तुम्ही मात्र तेच करत आला आहात. २०१० साली महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार केला. तीस! त्यातून व्यावसायिक लीग उभी राहणार होती. करारातून काही मुलं फ्लोरिडाच्या अकादमीत गेली, त्यात पंजाबातला सतनाम सिंग भामरा होता. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सनी त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या निवडीत आला, ही पहिलीच वेळ. ती चांगली गोष्ट झाली, नाही कोण म्हणतो? पण लीग आली नाही, आणि तीस वर्षांचा करार मुदतीच्या खूप आधीच संपला. २०१५ मध्ये महासंघाबाहेरच्या मंडळींनी यूबीए नावाची लीग काढली. आठ संघ, त्यांत मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज. छोटे छोटे हंगाम झाले, टीव्हीवर दिसले, २०१७ नंतर त्याचा मागमूस राहिला नाही. मग २०२२ मध्ये महासंघाच्या छत्राखाली आयएनबीएल. मुंबई चॅलेंजर्स गेले, मुंबई टायटन्स आले. २०२५ मध्ये तीच लीग नव्या रूपात, 'प्रो' लावून, दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये. सहा संघ, सगळे एकाच सभागृहात. मुंबईचा संघ मुंबईकरांना बघायचा असेल तर दिल्लीला जायचं, किंवा पडद्यावर बघायचं.

प्रत्येक वेळी नवं नाव, नवं बोधचिन्ह, नवी पत्रकार परिषद. संघ आवडायला लागेपर्यंत संघच नाहीसा. आता सांगा, आमच्या पोरांनी निराश तरी कोणावर व्हायचं? निराशेला आधी जीव लावावा लागतो, आणि जीव लावायला तेच नाव, तोच रंग, तीच माणसं पुढच्या वर्षी परत दिसावी लागतात.

शेजारच्याच अंगणात बघा. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, म्हणजे यूबीएच्या काही महिनेच आधी. पुण्याचा संघ दोन्हीकडे होता. पुणेरी पलटण पहिल्या हंगामात आठ संघांत आठवी आली. दुसऱ्या हंगामात पुन्हा आठवी. चहाच्या गाड्यावर त्या काळात पलटणची काय टिंगल चालायची, ती लिहिण्यासारखी नाही. तिसऱ्या हंगामात ती तिसरी आली. त्यानंतर चढउतार, खेळाडू आले-गेले, प्रशिक्षक बदलले, आणि दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ ला, अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून किताब घेतला. पहिल्या दोन वर्षांचा तळ ते दहाव्या हंगामाचा किताब, या सगळ्या वाटेवर संघाचं नाव एकच होतं. पुणे पेशवाजना आठवं येऊन पुन्हा आठवं यायचीही मुभा मिळाली नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्याचा काशिलिंग आडके याच कबड्डीतून घराघरात पोचला. दबंग दिल्लीकडून दुसऱ्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्याचे. नंतरच्या वर्षांत त्याची ती धार राहिली नाही, हेही लोकांनी बघितलं, हळहळले, चर्चा केली. एखाद्या खेळाडूची चढती आणि उतरती अशा दोन्ही बाजू माहीत असणं, हीच प्रेक्षकाची कमाई असते. भारतातल्या कुठल्या बास्केटबॉलपटूबद्दल मलकापूरचा माणूस एवढं बोलू शकेल?

आणि स्मृती मानधनाचं उदाहरण तर सांगलीत लहान पोरीलाही पाठ आहे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच लिलावात तिच्यावर ३ कोटी ४० लाखांची, म्हणजे सर्वांत मोठी बोली लागली. तिच्या नेतृत्वाखालचा बंगळूरचा संघ पहिले पाचही सामने हरला. स्वतः तिच्या आठ डावांत १४९ धावा. त्या मार्च महिन्यात सांगलीत जो तो डोक्याला हात लावून बसला होता. पुढच्या मार्चमध्ये, २०२४ ला, तिनंच चषक उचलला. त्या लीगचा हंगाम काही एनबीएएवढा लांब नव्हता. प्रत्येक संघाला साखळीचे आठ सामने. पण पुढचं वर्ष पक्कं होतं. संघ तोच, कर्णधार तीच. माझं मागणं यापेक्षा फार मोठं नाही, हे तुमच्या ध्यानात यावं म्हणून हे लिहिलं.

(आमच्याकडे खेळाविषयीचं कुठलंही पत्र गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांचं नाव घेतल्याशिवाय पुरं होत नाही. म्हणून एकच ओळ: १९४८ ला लंडनमध्ये सहावे, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. मधली चार वर्षं कोणी रद्द केली नव्हती.)

तुमची उत्तरं मला अंदाजानं माहीत आहेत. पैसा नाही, प्रायोजक टिकत नाही, प्रेक्षक नाही, लाकडी कोर्टची सभागृहं मोजकी. यातलं बरंचसं खरं आहे, आणि कबड्डीशी तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये हेही मला कळतं. कबड्डी गावोगाव होतीच. तिला टीव्हीनं फक्त दिवे लावले. बास्केटबॉल आमच्याकडे शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या तुकड्यावर, एका वाकलेल्या रिंगेवर जगतो. पण म्हणून या खेळाला महाराष्ट्रात मुळंच नाहीत असं कोणी म्हणू नये. मुंबईच्या नागपाड्यानं या देशाला अब्बास मुंतसिर दिला, भारताचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, तेव्हा पहिल्या सामन्याला तीन हजार शाळकरी मुलं बसली होती. हो, तेच पेसर्स. पहिला सामना त्यांनी जादा वेळेत एका गुणानं जिंकला. त्या दिवशी घसा बसेस्तोवर ओरडलेली ती मुलं आता विशी-बाविशीत असतील. त्यानंतर आजवर तुम्ही त्यांना स्वतःचा म्हणावा असा एक संघ देऊ शकला नाहीत. प्रेक्षक नाही, ही तक्रार म्हणून मला फारशी पटत नाही. प्रेक्षक आला होता. त्याला परत यायची तारीख कोणी सांगितली नाही.

आणि खेळाडूंचं काय? आपल्याकडे चांगल्या खेळाडूचं पोट आजही खेळाच्या कोट्यातल्या नोकरीवर भरतं. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादल. त्यांचे उपकार आहेतच, त्यांच्याशिवाय हा खेळ केव्हाच आटला असता. पण वर्षाकाठी एक राष्ट्रीय स्पर्धा, आठवडा-दहा दिवसांची, आणि मधे काही निमंत्रितांच्या स्पर्धा, एवढ्यावर खेळाडू घडत नाही. आठवडाभराच्या स्पर्धेत पहिले दोन सामने वाईट गेले की सामान बांधायचं. हॅलिबर्टनचा तो ऑक्टोबर आपल्याकडे झाला असता तर मे महिना उगवलाच नसता. म्हणूनच ज्यांना जमलं ते बाहेर गेले. शेतकऱ्याच्या घरातला, उशिरा खेळायला लागलेला अमृतपाल सिंग २०१७ मध्ये सिडनी किंग्जकडे गेला. अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम संघाकडे. प्रिन्सपाल सिंग २०२० मध्ये अमेरिकेच्या जी लीगकडे. तिकडे पगार बरा असेल, पण त्याहून मोठी गोष्ट त्यांना मिळाली ती ही, की मंगळवारी वाईट खेळलं तर गुरुवारी पुन्हा सामना असतो.

याचा परिणाम निळ्या जर्सीवर दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये जेद्दाहला आशिया चषकात भारतानं जॉर्डनला जादा वेळेपर्यंत खेचलं. जॉर्डन काही लेचापेचा संघ नव्हे. सामना हातातोंडाशी येऊन निसटला. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, चार गुणांनी पुढे असताना वेळ कसा काढायचा, ही गोष्ट सराव शिबिरात शिकवता येत नाही असं माझं ठाम मत आहे. ती वर्षाला तीस-चाळीस चुरशीचे सामने खेळून अंगात येते. तुमच्या खेळाडूंना तसे किती मिळतात, ते तुम्हीच मोजा.

तेव्हा मागणं असं आहे. पुढची लीग जी काढाल, ती काढण्यापूर्वी चालवणाऱ्यांकडून किमान पाच वर्षांची हमी घ्या, आणि ती तोंडी नको. अनामत रक्कम ठेवून घ्या, मधेच गाशा गुंडाळला तर ती खेळाडूंच्या मानधनात वाटा. तारखा ठरवा आणि दरवर्षी त्याच ठेवा, म्हणजे रेल्वेला आणि ओएनजीसीला खेळाडू सोडायची आखणी करता येईल आणि आमच्या पोरांना परीक्षेची. संघाचं नाव एकदा ठेवलंत की बदलू नका, मालक बदलला तरी. संघांना आपापल्या शहरात खेळू द्या. मुंबईचा संघ मुंबईत, पुण्याचा आला तर बालेवाडीत. निम्मे सामने बाहेरगावी, निम्मे घरी, हा साधा हिशेब जगभर चालतो, तो दिल्लीच्या एका सभागृहात का अडावा? सामने सगळे पाच-सहा आठवड्यांत उरकू नका. आठवड्याला दोन, चार महिने, असे चालू द्या. महिलांचा हंगाम त्याच काळात, त्याच सभागृहात, त्याच दिवशी लावा. 'नंतर बघू' म्हणून तो मागे ठेवलात की तो कधीच येत नाही, हे सगळ्या खेळांत दिसलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी फुकट होते आणि तरीही होत नाही. प्रत्येक सामन्याची आकडेवारी, कोणी किती मिनिटं, किती गुण, किती पास, किती चेंडू गमावले, त्याच रात्री सगळ्यांना बघायला मिळेल अशी ठेवा, आणि लीग बंद पडली तरी ती पुसू नका. आज यूबीएत मुंबई चॅलेंजर्सकडून कोण किती खेळलं हे शोधायला बसलात तर रात्र जाईल. ज्या खेळाला स्वतःच्या नोंदी सांभाळता येत नाहीत, त्यानं प्रेक्षकाकडून आठवणीची अपेक्षा का करावी?

राज्य संघटनेला वेगळं सांगायचं आहे. जिल्ह्याजिल्ह्यात क्रीडा संकुलं उभी आहेत. साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात हंगामातला एकेक सामना आणून दाखवा. पुण्या-मुंबईच्या संघानं आमच्याकडे येऊन हरावं, आम्ही त्याला शिव्या द्याव्यात आणि पुढच्या वर्षी त्यालाच पाठिंबा द्यायला परत यावं, यात नुकसान कोणाचंच नाही. तिकीट ठेवा. फुकट नको. फुकट बघितलेल्या सामन्यावर हक्कानं चिडता येत नाही.

तुमचा संघ पहिले दहाच्या दहा सामने हरला तरी आमची हरकत नाही. आमची पोरं आनंदानं त्याचं नाव यादीच्या तळाशी लिहितील. फक्त अकरावा सामना कोणत्या तारखेला आणि कुठे आहे, ते हंगाम सुरू व्हायच्या आधीच छापा, आणि त्या तारखेला तो खेळवा.

आपला,
एक प्रेक्षक
मलकापूर, ता. कराड, जि. सातारा